आतून कडी

४ सप्टेंबर २०२२
मधली खोली परत मोजली. रुंदी ११ फूट १ इंच, लांबी १० फूट २ इंच. मागच्या वेळी रुंदी नुसती ११ आली होती. टेप सैल धरला असेल.
सुजाता पेटी भरत होती. म्हणाली, "मोजल्यानं वाढते का?"
उद्या तिला माहेरी पोचवायचे. सातवा लागला. पहिले बाळंतपण तिकडेच.

५ सप्टेंबर
तुमसरला बसने, तिथून ऑटोने तिच्या गावी. रस्ताभर ती खिडकीकडे बघत होती. ऑटोतून उतरल्यावर मी पेटी घेतली, तेव्हा म्हणाली, "खोलीले दार लागल्याबिगर मी नाई येत."
मी म्हटले, "रागावली का?"
"रागानं नाई सांगून राहिली. तुमी रागानं आयकान अना विसरून जान, म्हणून आधीच सांगतलं."
सासूबाईंनी चहा केला. परतीच्या बसमध्ये उभ्यानेच आलो.

७ सप्टेंबर
नीट लिहून काढतो, म्हणजे डोक्यात फिरणार नाही.
जुने घर आडवे होते. पुढे लांब सपरी, म्हणजे ओसरी, आणि प्रत्येक खोलीचे तोंड सपरीत. कोणाला कोणाच्या खोलीतून जावे लागत नव्हते. बाबा आणि काका वेगळे झाले तेव्हा घर मधोमध उभे चिरले. आम्हाला १२ फुटांची पट्टी आली, लांबी भरपूर. मातीचे पाडून घरकुल बांधले, ते त्या पट्टीत जसे बसले तसे बसवले. पुढची खोली, मग मधली, मग स्वयंपाकाची, मग वाडी, म्हणजे मागचे अंगण, वाडीत संडास आणि नळ. आगगाडीच्या डब्यांसारखे. एका बाजूला काकांची भिंत चिकटून, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची. खिडकी कुठेच नाही. मधली खोली आम्हा दोघांची. दोन्हीकडे पडदे. मागे जायचे तर ज्याला त्याला आमच्यातूनच जावे लागते.
बाबा आधी खोकलतात. दोनदा. मग पडदा उचलतात. आजोबाही असेच करत. त्यात वाईट काही नाही.
पण सु. दिवसभर त्या खोकल्याकडे कान लावून असते. असायची.
ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी ती लुगडे बदलत होती. बाबा खोकलले असतील, पण स्वयंपाकघरात आईने मिक्सर लावला होता. बाबांनी पडदा उचलला आणि तसेच उलटे फिरले. मला सु.ने चार दिवसांनी सांगितले. तोपर्यंत मला एवढेच दिसत होते की बाबा दिवसा मागे जात नाहीत, शेतावर जाऊन येतात, आणि ती ताट घेऊन चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून जेवते.
दोघांचीही चूक नाही. म्हणूनच मला कोणाला बोलता येत नाही.

११ सप्टेंबर
दोन्ही पडद्यांच्या जागी दारे लावली तर लोक मागे जाणार कसे? दारे उघडीच ठेवावी लागतील.
उपाय एकच. खोलीच्या एका कडेने बोळ काढायचा. पुढून मागे सरळ. खोलीचे दार बोळात.
१३३ इंच. बोळ ३३. भिंत प्लास्टरसह साडेचार. उरले साडेपंच्याण्णव, म्हणजे ७ फूट साडेअकरा इंच. दिवाण बसतो. पाळणाही बसतो, आडवा नाही पण उभा.
चौकटीच्या वहीत तीन वेळा काढले. ITI मधून दुसऱ्या वर्षी नाव कटले नसते तर असली कामे मी शाईने केली असती.

१८ सप्टेंबर
बाबांना नकाशा दाखवला. चष्मा नव्हता लावला, तरी बराच वेळ पाहिला.
"घरातल्या घरात बोळ कायले पाह्यजे?"
"मागं जाले."
"आता का उडून जातो मी?"
मी नकाशाचा कोपरा सरळ केला.
"खोकलतो ना मी, विलास. आवाज न देता कधी गेलो का?"
"नाई बाबा."
"मंग?"
आई मागून म्हणाली, "आमी तं आठ जनं एका सपरीत झोपत होतो. आमाले कोनतं दार होतं?" मी तिला विचारू शकलो असतो की मग तू काय करत होतीस. असे कोणी आईला विचारत नाही.
नकाशा घडी करून खिशात ठेवला. सांगायला शब्द होते. तोंडात आले नाहीत. 'सुजाताला दार पाहिजे' एवढेच तीन शब्द. ते म्हटले असते तर त्या दुपारचे सगळे परत त्या खोलीत उभे राहिले असते, बाबांच्या समोर.

२५ सप्टेंबर
दार मंजूर झाले. कसे झाले ते लिहून ठेवतो.
आई जेवताना म्हणाली की मागच्या वर्षी पुढच्या खोलीत धान ठेवले तर उंदरांनी पोती फोडली, शेजारच्या कोंबड्याही आत शिरत. "त्या मधल्या खोलीले भित अना दार झालं तं धान तरी राहील."
बाबांनी मान वर केली. "हे बरोबर आहे. धानाले खोली पाह्यजेच."
मी ताटाकडे बघत म्हटले, "हो. तेच म्हणतो मी."
तेच म्हणत नव्हतो.
बाबांची अट एक. पाठीवर धानाचा कट्टा, म्हणजे भरलेले पोते, घेऊन माणूस बोळातून न घासता गेला पाहिजे. म्हणून बोळ ३६ इंच केला. खोली ७ फूट साडेआठ झाली. तीन इंच गेले. पाळण्याचे बघावे लागेल.

१६ ऑक्टोबर
मिस्त्री आला. दोन दोऱ्या बांधून सिमेंटची थैली खांद्यावर घेऊन स्वतःच मधून चालून दाखवले. बाबा खूश.
मिस्त्री: "घरातल्या घरात गल्ली काढली बाप्पा तुमी. आता ग्रामपंचायतले सांगून एक खांबा मांगा, लाईट लावाले."
काका बघायला आले. "मागं जाचं तं तिकीट कोन फाडते?"
सगळे हसले. मीही हसलो.
भिंत वर छताला भिडवली नाही, दीड फूट मोकळी ठेवली. मिस्त्री म्हणाला, खिडकी नाही, हवा कुठून येईल, आतला माणूस उबेल. बरोबर आहे. पण आवाजही तिथूनच जाईल. हे नकाशात माझ्या लक्षात आले नव्हते. नकाशा वरून बघितलेला असतो, त्यात भिंत कुठवर गेली ते दिसत नाही.

१४ नोव्हेंबर
मुलगी झाली. दुपारी, तुमसरच्या दवाखान्यात. हार्डवेअरच्या दुकानात कामावर होतो, बिजागऱ्या मोजून देत होतो तेव्हा राहुलचा (सु.चा भाऊ) फोन आला. गिऱ्हाईक म्हणाले, पेढे आण, बिजागऱ्या उद्या दे.
संध्याकाळी पोचलो. मुलीचे कान सु.सारखे. सु. थकलेली. बाकीचे बाहेर गेल्यावर म्हणाली, "लागलं का?"
"भिंत झाली. प्लास्टर झालं. सुतार पुढच्या आठवड्यात."
तिने माझा अंगठा धरला आणि झोपली. मी तसाच बसून राहिलो, हात काढला नाही.

२७ नोव्हेंबर
मळणी झाली. आज धान घरी आले. ४१ पोती. सुतारही आजच आला. मी दुकानात होतो. दार, बिजागरी, कडी, कोयंडा सगळे आदल्या दिवशी मीच आणून ठेवले होते. दुकानात चांगले असेल ते निवडून. स्क्रू पितळी.
घरी आलो तर दार लागलेले, त्याला कुलूप, किल्ली बाबांच्या करदोट्याला. दार बंद केल्यावर खाली बोटभरसुद्धा फट नाही. असे दार आमच्या गल्लीत कोणाच्याच घरात नाही, आतल्या खोलीला.
बाबांनी उघडून दाखवले. आत पोती छातीपर्यंत.
आई: "खरेदी केंद्रात नंबर लागला का उचलतीन. पंधरा दिवस."

२८ नोव्हेंबर
सकाळच्या उजेडात दाराचा फोटो काढून सु.ला पाठवला. दुकानात गेलो. बारा वाजता तिचे उत्तर आले. मला वाटले होते, चांगले आहे म्हणेल.
लिहिले होते: कडी बाहेरून काऊन आहे.
दोन मिनिटे कळलेच नाही. मग फोटो मोठा करून पाहिला. कडी बाहेर. कोयंडा बाहेर. आतून काहीच नाही.
आठ वर्षे कडीकोयंडे विकतो आहे. फट पाहिली, बिजागरी पाहिली, रंग पाहिला. तिने एका नजरेत पाहिले ते मला एक रात्र आणि एक सकाळ दिसले नाही.
दुसरा मेसेज: आत धान आहे ना.
हो म्हणून कळवले. खोटे बोलायचे होते, बोललो नाही. यात मोठेपणा नाही. तिला आधीच कळले होते.

२९ नोव्हेंबर
सुताराला गाठले. बिडी ओढत होता.
"कडी आतून लावाची होती."
"धानाच्या खोलीले आतून कडी कोन लावते? धान का उठून आतून कडी लावून घेईल?"
"तुमाले कोन सांगतलं धानाची खोली म्हणून?"
"तुह्या बापानं. मंग कोनाची आहे?"
तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याला कळले असावे, कारण बिडी विझवून हळू आवाजात म्हणाला, "अरे मंग आधी सांगाचं ना बाबू. एक सरकती कडी, टॉवर बोल्ट, दहा मिनिटाचं काम."
दहा मिनिटांचेच आहे. कागदावर प्रत्येक माप लिहिले. कडी कोणत्या बाजूला, ते लिहिले नाही. लिहिले असते तर बाबांनी वाचले असते.

४ डिसेंबर
बाबांशी बोललो. या वेळी खरे बोललो. निदान अर्धे.
"आतून पन एक कडी लावतो."
"कायले?"
"सुजाता येईल. थे झोपल ना तिथं."
बाबा बराच वेळ खाटेची दोरी बोटाने दाबत बसले. मग म्हणाले, "बाहेरून कडी म्हणजे आपला माल राखनं. आतून कडी म्हणजे घरच्याच मानसावर वहीम. घरात आहे कोन? मी अना तुही माय."
"वहीम नाई बाबा."
"मंग कोनापासून लावता?"
आई म्हणाली, "लेकरू रडलं, सुजातेले झोप लागली असली, तं मी कशी आत जाऊ? दार फोडू का?" आईचे खोटे नाही. पहिल्या महिन्यांत लेकरू आजीनेच सांभाळायचे असते.
मी काय सांगू? 'त्या दुपारमुळे' असे म्हणायला हवे होते. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनाही तीच दुपार आठवत होती, हे मला त्यांच्या मानेवरून कळत होते.
मुलीला माझ्याशिवाय आमच्या घरातल्या कोणी अजून पाहिलेले नाही.

१ जानेवारी २०२३
नामकरणाला गेलो. आई आली, बाबा नाही आले. धान सोडून कसे जाऊ म्हणाले. मुलीचे नाव अन्विता. बुद्धवंदना झाली, खीर झाली.
मी अंगणात राहुलसोबत झोपलो. सु.च्या माहेरीही आतल्या खोलीला दार नाही. ती, तिची आई, वहिनी, वहिनीची दोन मुले, सगळी एका खोलीत, आणि माणसे येत-जात असतात. सकाळी नळावर एकटी सापडली तेव्हा म्हटले, "इथं तरी कुठं दार आहे?"
कपडे पिळत म्हणाली, "इथं मले कोनाच्या खोकल्याची वाट पाहा नाई लागत."
मग म्हणाली, "तुमाले वाटते मी बाबाले भेते. मी बाबाले नाई भेत. बाबा मले पाहून लाजतेत, थे मले पाहवत नाई. मानूस आपल्याच घरात चोरावानी चालते माह्यामुळं. दार त्यायच्यासाठी पन पाह्यजे."
हे माझ्या कोणत्याच वहीत नव्हते.
मुलगी माझ्या शर्टवर ओकली. शर्ट धुऊ दिला नाही, तसाच घालून आलो. आईने बसमध्ये पदर नाकाला लावला.

२२ जानेवारी
धान अजून आतच. केंद्रात जागा नाही म्हणतात. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. मी पुढच्या खोलीत आईबाबांसोबत झोपतो. लग्नाआधी झोपायचो तसा, त्याच कोपऱ्यात.
सु.चे फोन कमी झाले. आधी रोज, आता दोन दिवसांआड. बोलणे मुलीचेच. दाराचे विचारत नाही. विचारायची तेव्हा बरे वाटत होते.

१२ फेब्रुवारी
धान गेले. शेवटचे पोते उचलल्यावर खोली मोठी दिसली, मग झाडल्यावर परत तेवढीच. भिंतीला खालून दीड फूट ओल आणि पोत्यांचे डाग. चुना मारला. कोंड्याची धूळ पंख्याच्या पात्यांवर जाड बसली होती. घराला गहू-तांदळाच्या दुकानासारखा वास येतो आहे.
किल्ली बाबांनी स्वतःहून काढून खिळ्याला टांगली.

१९ फेब्रुवारी
आईबाबा कारध्याला लग्नाला गेले. टॉवर बोल्ट आतून लावला. सहा इंची. आधी पेन्सिलने खुणा, मग बारीक भोक, मग स्क्रू. बाहेरची कडी काढली आणि तिची भोके लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरली. सुताराच्या हिशेबाने दहा मिनिटे, मला दीड तास लागला.
संध्याकाळी बाबा आले. दारासमोर थांबले. भरलेल्या भोकांवरून अंगठा फिरवला. आत गेले नाहीत. आईला म्हणाले, "पाह्य, विलासनं पक्कं काम केलं." अशा आवाजात म्हणाले की कौतुक आहे की काय ते कळले नाही.

२६ फेब्रुवारी
एक गोष्ट आठ दिवसांपासून पाहतो आहे. बाबा बोळातून जात नाहीत. मागे जायचे असले की पुढच्या दाराने बाहेर पडतात, काकांच्या घरावरून, पाण्याच्या टाकीवरून, मागच्या गल्लीने वळसा घालून वाडीच्या फाटकातून येतात. गुडघा दुखतो तरी.
आज विचारले, "बाबा, बोळ तुमच्यासाठीच काढला ना?"
"भित वरतून उघडी आहे. बोळात आतलं सारं आयकू येते."
"आत कोनी नाई आता."
"नाई आता. पन येईल ना. आतापासून सवय केली तं बरं."
मी वहीतले सगळे नकाशे काढून बघितले. त्यात बाबा कुठेच नव्हते. पाठीवर कट्टा घेतलेला माणूस होता.

५ मार्च
आईने सु.ला फोन केला. मी केला नव्हता, आईने केला. माझ्यासमोरच. "ये वं बाई आता. चार महिन्याचं होत आलं लेकरू, आज्याले दिसलं नाई." मग नुसते हं, हं. फोन ठेवून मला म्हणाली, "पाहाले येतो म्हणे. राहाले म्हनली नाई."

१२ मार्च
सकाळी सु. आली. राहुल सोबत. एक बॅग, तीही लहान. पाळणा मी धुऊन ठेवला होता, ते तिला दिसले.
बाबांनी मुलीला घेतले. मिशा ओढून घेतल्या. अर्धा तास दोघे ओट्यावर. बाबा तिला सांगत होते, "हे आपली गल्ली. थे टाकी. थो कुत्रा चावत नाई." इतके बोलताना बाबांना मी पाहिले नव्हते. सु. दारात उभी राहून ऐकत होती. बाबांना दिसली तेव्हा त्यांनी मुलगी पुढे केली.
जेवण झाले. आईने वरण पातळ केले, घाईत. राहुल म्हणाला, "भाऊजी, पाचच्या बसनं जाऊ. ताई काय म्हणते पाहा." फाट्यापर्यंत पायी पंधरा मिनिटे.
साडेतीनला सु. उठली. मुलीला बाबांच्या हातातून घेतले. बोळातून गेली. खोलीत शिरली. दार लावले. मग बोल्ट सरकल्याचा आवाज आला. मीच लावलेला, मला तो ओळखू आला.
पंख्याचे बटण दाबल्याचा आवाज. नंतर काही नाही.

आता चार वाजून गेले. मी पुढच्या खोलीत बसून लिहितो आहे. बाबा ओट्यावर, पाठ घराकडे. आई स्वयंपाकघरात अडकली आहे. इकडे यायचे तर बोळातून यावे लागेल, आणि ती येत नाही. भांड्यांचाही आवाज करत नाही. भिंत वरून उघडी आहे. रडली असती तर कळले असते. मुलीशी बोलली असती तर कळले असते. दूध पाजत असेल. झोपली असेल. बसून चारी भिंती बघत असेल. मला सांगता येत नाही. घरात कोणालाच सांगता येत नाही, आणि या घरात हे पहिल्यांदा झाले.

४.२०. राहुल: "भाऊजी, आवाज द्या ना."
मी म्हटले, "थांब जरा."
तो म्हणाला, "बस नाई थांबत."
आवाज दिला नाही. बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो आणि परत येऊन बसलो. तिची बॅग इथेच आहे, खुर्चीवर, चेन लावलेली.

४.३५. राहुलने बूट घातले. आतून अजून काही नाही.